न सांगितलेलं आख्यान

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलं की टाळ ऐकू येतात आणि शब्द निसटतो. आज देवाची गोष्ट सांगायची नाही. देवासमोर उभं राहून एका भल्या माणसानं जे केलं, त्याची सांगायची आहे. लांबण लावत नाही, पण तेवढा वेळ मन इथं असू द्या.

हरिबाबुवांनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवून ते थांबले. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं एक उपकेंद्र आहे, तिथली ही खोली. भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा, तपासायच्या खाटेपुढे निळा पडदा. टेबलापलीकडे वैष्णवी बसली होती. उपकेंद्राची आरोग्य अधिकारी, वय सत्तावीस. सगळी पंचक्रोशी तिला ताई म्हणते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बुवासुद्धा.

"ताई, ही ओळ कवापासून हाय?"

"कुठली?"

"ही. बऱ्या झालेल्या माणसाचं नाव, गाव, फोटू त्याच्या लेखी परवानगीबिगर वापरायचा न्हाई."

"ती असतीच बुवा. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नव्हती," बुवा म्हणाले. चष्मा काढून उपरण्याला पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

कुष्ठरोगाची मोहीम तोंडावर आली होती. गावोगावच्या आशाताई पंधरा दिवस घरोघर जाऊन, कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे का, हे विचारणार होत्या. त्याआधी एकादशीला विठ्ठलमंदिरात बुवांचं कीर्तन ठेवलं, तर विचारणाऱ्या बायांना लोक दारातून परत पाठवणार नाहीत, असा वैष्णवीचा हिशेब होता.

"माझी आजी सांगती, तुमच्या आरोग्याच्या कीर्तनाला बैलगाड्या लागायच्या."

"लागायच्या."

"मग बंद का केलंत?"

"घसा बसला," बुवा म्हणाले.

वैष्णवीनं त्यांच्याकडं पाहिलं. गेल्याच महिन्यात त्यांनी लाऊडस्पीकरशिवाय दोन तास कीर्तन केलेलं तिनं ऐकलं होतं. पण तिनं विषय बदलला.

"आणखी एक काम होतं. तुमच्या माहितीत कोण जुनं, पूर्ण बरं झालेलं माणूस हाय का? त्यांच्या मनात असंल तर कीर्तनानंतर दोन शब्द बोलतील. मी आधी एकटी जाऊन विचारीन. न्हाई म्हणाले तर विषय संपला, परत त्या दारात जायचं न्हाई."

"गाडी घेऊन जाशील?"

"छे. स्कूटीवर. ती पण कोपऱ्यावरच लावते. दवाखान्याचं माणूस दारात दिसलं की शेजारी पहिलं विचारतात, कुणाला काय झालंय म्हणून."

"आमची जीप होती. पांढरी. वर भोंगा. बरोबर दारात नेऊन उभी करायचो," बुवा म्हणाले. कागदाची त्यांनी चौघडी घातली, पुन्हा उलगडली. "हाय एक जण. पण तू जाऊ नको. मलाच गेलं पाहिजे."

"बरं. मग नाव मलापण सांगू नका."

बुवांनी मान वर केली. एवढी साधी गोष्ट, नाव न विचारण्याची, ही पोर किती सहज करून गेली.

पस्तीस वर्षांपूर्वी रीत निराळी होती. शाळेच्या ओसरीवर पुरुषांना सदरे काढून ओळीनं उभं करायचे. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून इमामभाई होते, सायकलवरून सगळा तालुका पालथा घालणारे. ते प्रत्येकाच्या पाठीवर कापसाचा बोळा फिरवायचे आणि विचारायचे, लागतंय का. ज्याला लागायचं नाही त्याचं नाव वहीत जायचं, आणि वहीत जायच्या आधी पुढच्या-मागच्या दहा जणांच्या कानात जायचं. बायांना तपासायला बाई मिळत नसे, म्हणून त्यांना नुसतं विचारायचे, आणि त्या नाही म्हणायच्या. देवळाच्या भिंतीवर झडलेल्या बोटांचं एक रंगीत चित्र डकवलेलं असे. माणूस भ्याला की दवाखान्यात येईल, असा त्यामागं विचार होता. माणसं भ्यायची खरी, पण दवाखान्याच्या उलट दिशेला पळायची.

मग वरती कुणाच्या तरी डोक्यात आलं, की लोक डॉक्टरचं ऐकत नाहीत, बुवाचं ऐकतात. हरिबाबुवा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. आवाज असा, की नदीपलीकडच्या शेतात पाण्याच्या मोटारीपाशी बसलेल्या माणसालाही चरण कळायचा. त्यांना विचारलं आणि त्यांनी त्याच दिवशी होकार दिला. देवानं गळा कशाला दिलाय, असं त्यांना मनापासून वाटलं. हा रोग पापाचं फळ नाही, देवाचा कोप नाही, गोळ्यांनी जातो, हे ते असं सांगायचे की देवळातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

घोड नदीच्या काठी एक वाडी आहे. तिथल्या एका सुनेच्या कोपराजवळ चट्टा उठला होता. वय सव्वीस, कडेवर एक मुलगा. इमामभाईंनी तिला उसाच्या बांधावर गाठून गोळ्यांची पाकिटं दिली, महिन्याला एक, अशी सहा. पहिली गोळी समोर घ्यायची असते, ती तिनं बांधावरच्या पाटाचं पाणी ओंजळीत घेऊन गिळली. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं.

सहावं पाकीट संपलं त्या दिवशी वाडीत सप्ताह चालू होता आणि कीर्तन हरिबाबुवांचं होतं. देवळामागं चहा घेताना इमामभाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बुवा, झाली. सहाच्या सहा. एक गोळी चुकवली न्हाई बाईनं. माझ्या वहीतली पहिली, पूर्ण बरी."

"कोण?"

इमामभाईंनी आधी कप खाली ठेवला. मग इतक्या आनंदाच्या गोष्टीत लपवायचं तरी काय, असं वाटून त्यांनी सांगितलं.

कीर्तन करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. दृष्टान्ताला नाव-गाव लागतं. कोणे एके गावी कुणी एक, असं म्हटलं की श्रोता कुशी बदलतो. अमक्या गावची, अमक्याची सून, आत्ता इथं खांबाशी बसलेली, असं म्हटलं की तो सावरून बसतो. त्या दिवशी उत्तररंगात, आख्यानाच्या जागी, बुवांनी तिचं नाव घेतलं. तिला पुढं बोलावलं. हिला महारोग झाला होता आणि बघा, गेला, असं म्हणाले. आपल्या हातानं तिची ओटी भरली, वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि तिलाच देवळातल्या माठातून तांब्याभर पाणी आणायला सांगून सगळ्यांदेखत घटाघटा प्याले.

लोक रडले. बुवाही रडले. मृदंग आपोआप द्रुत झाला. ती मात्र रडली नव्हती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी होती. संकोचली असेल, असं बुवांना वाटलं.

पुढं वर्षभर त्यांनी हे आख्यान शिरूर आणि दौंड तालुक्यांत चाळीस-एक गावांना सांगितलं. प्रत्येक वेळी नावासकट, वाडीसकट, पाण्यासकट.

मग एकदा न्हावऱ्याच्या स्टँडवर इमामभाई भेटले. सायकल स्टँडवर लावली नाही, हँडल धरूनच बोलले.

"बुवा, तिला माहेरी धाडलंय. जावेनं चूल वेगळी मागितली, नवऱ्यानं दुसरी बघितली. तुम्ही पाणी प्यालात आन् जीपमधी बसून निघालात. ती तिथंच राहिली."

त्यानंतर बुवांचा घसा बसला तो बसलाच. हरिकथा चालू राहिली, पण आरोग्याचं कीर्तन त्यांनी पुन्हा केलं नाही. इमामभाई बदली होऊन गेले, निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी वारलेही. त्यांच्या मातीला बुवा गेले होते आणि लांब, बाभळीखाली उभे राहिले होते.

ती बाई आता दौंड तालुक्यात राहते हे रोहिदासला ठाऊक होतं. रोहिदास त्यांचा जुना टाळकरी. उसाच्या गाळपाच्या हंगामात तिकडं कारखान्यावर कामाला असायचा, बाजारात तिला बघायचा.

"इतकी वर्षं बोलला न्हाईस?"

"तुम्ही इचारलं न्हाई बुवा," रोहिदास म्हणाला, आणि तो टोमणा नव्हता म्हणून जास्त लागला.

पाटसच्या अलीकडं की पलीकडं ते असू द्या. बुवा वडापच्या जीपनं न्हावऱ्याला आले, तिथून एसटीनं चौफुल्याला, आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागून रेंगाळणाऱ्या दुसऱ्या गाडीनं. पिशवीत एक नारळ आणि हिरवं लुगडं होतं. रस्ताभर ते मनात वाक्यं जुळवत होते. जिथं चूक केली तिथंच फेडायची. कीर्तनात उभं राहायचं, तिला मानानं पुढं बसवायचं आणि हजार माणसांसमोर म्हणायचं, माय, माझं चुकलं. त्याहून कमी काही करून भागणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी, तुळशीजवळ मोटारसायकल. दारात सून आली.

"कोण पायजे आबा?"

सत्तर वर्षं देवासमोर खरं बोललेला माणूस उंबऱ्याशी अडखळला. आपण कोण म्हणून सांगायचं, हे वाटेत कुठंच जुळवलं नव्हतं.

"आईंना भेटायचं होतं. मी... त्यांच्या माहेराकडचा."

"आत्याबाई, तुमच्या माहेरचं कोण आलंय बघा."

आत एक बाई सुपात गहू निवडत बसली होती. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ. तिनं सुपातून नजर काढली नाही.

"येऊ दे. खुर्ची दे त्यास्नी. खाली बसलं तर उठवायला दोन माणसं लागतील." मग सुनेकडं वळून म्हणाली, "पाहुण्याला पाणी दे, आन् वेशीवरनं ताजं दूध घेऊन ये. सकाळचं नासलंय."

सून पाणी ठेवून गेली. दूध नासलेलं नव्हतं, ते चुलीजवळ झाकलेलं दिसत होतं.

"वळखलं म्हणायचं," बुवा म्हणाले.

"आवाज कुठं म्हातारा झालाय तुमचा? दारात बोलला तवाच कळलं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "पाणी घ्या. सुनंनं दिलंय. मी देत न्हाई. माझ्या हातचं प्यालात तर परत कुणाला तरी सांगत बसाल."

बुवांनी पेला उचलला नाही. पिशवी मांडीवरच राहिली.

"एकादशीला कीर्तन हाय," ते म्हणाले. "त्याच रोगाच्या मोहिमेचं. मला तिथं सगळ्यांपुढं माफी मागायचीय."

"कुणाची?"

"तुमची."

"नाव घेऊन?"

इतका वेळ बुवांनी वाक्यं जुळवली होती आणि प्रत्येक वाक्यात तिचं नाव होतं.

"न घेता," ते म्हणाले.

"न घेता म्हंजी काय म्हणाल? एक बाई होती, एका वाडीत, तिला मी पुढं बोलावलं, पाणी प्यालो. व्हय ना? वाडीतली म्हातारी माणसं अजून तुमच्या कीर्तनाला येत्यात. त्यास्नी नाव कशाला लागतंय? घरी जाऊन सुनांना सांगतील. सुना फोनवर माहेरी सांगतील." ती सूप हलवत राहिली. "माझ्या पोराला ठावं न्हाई. बापानं दुसरी केली म्हणून आपण इकडं आलो, एवढंच त्याला म्हाईत. नातीला बघायला पाहुणे यायचेत औंदा."

"मला वाटलं, जिथं केलं तिथंच..."

"तुमचं मन हलकं हुईल. माझं काय हुईल ते इचारलं न्हाई तवा, आन् आता इचारायला आलाय हे चांगलं केलंत. म्हणून सांगते. नगा करू."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला. तो लांब जाईपर्यंत दोघं थांबली.

"एक सांगू का बुवा? तुम्ही पाणी प्यालात तवा मला देवच भेटल्यावानी झालं. खोटं न्हाई सांगत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तांब्या घासला, भरून दारात ठिवला. म्हटलं, आता येईल कोण तरी, मागंल. रस्त्यानं माणसं जात हुती. दुपारपातुर बसले." तिनं गव्हातला खडा बोटांत धरून पाहिला. "मग झाडाला वतलं."

बुवांचा हात पेल्याजवळ जाऊन परत आला.

"आन् ते माझं झालं. मी बरी हुते, मला काय धाड भरली? माझी जाऊ हुती, सोजराबाई. तीच, चूल वेगळी मागणारी. तिच्या पाठीवं तसाच चट्टा हुता."

"कवा?"

"तवाच. माझ्या गोळ्या चालू झाल्या तवा तिनं पण बघितला असंल. इमामभाईकडं जायचं मनात हुतं म्हणाली, सप्ताह उरकल्यावर. मग तुमचं कीर्तन झालं. मग कशाला जाती? दाबून ठिवला. चूल वेगळी मागितली ती मला भिऊन न्हाई. एका चुलीशी बसून मला कळलं असतं म्हणून."

बुवांनी ही गोष्ट चाळीस गावांना सांगितली होती आणि तिचा हा भाग त्यांना माहीत नव्हता.

"पुढं?"

"बोटं गेली. दोन्ही हातांची. नवरा मेल्यावर वाडीत तिला कोण बघंना, तवा इकडं आली. मला म्हणाली, तुलाच सांगता येतंय. शेवटचं दीड वरीस माझ्याकडं हुती. दवाखान्यात नेली, गोळ्या दिल्या. रोग गेला, बोटं कुठनं यायची? घास मी भरवायचे. सून म्हणायची, आत्याबाईंच्या जावेला संधिवात हाय. म्हटलं, व्हय बाई, संधिवातच."

"त्यांचंही नाव आता..."

"ती गेली. मागं पोरबाळ न्हाई, कोण न्हाई. तिचं घेतलं तर चालतंय. तीच म्हणाली हुती, मी मेल्यावर काय लपवू नको, कुणाच्या तरी कामाला येईल. माझं तसं न्हाई. माझं घर हाय."

बुवांनी पिशवीतून नारळ आणि लुगडं काढलं, खुर्चीच्या पायाशी ठेवलं, मग पुन्हा उचलून पिशवीत भरायला लागले. नारळ हातातून निसटून सुपापर्यंत घरंगळत गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माहेराकडनं आलाय म्हणालात ना? माहेरचं माणूस मोकळ्या हातानं येत न्हाई. सुनंला संशय यील." पहिल्यांदाच ती थोडी हसली. "आन् इतकंच वाटत असंल तर मी गेल्यावर सांगा. नाव सोडून. वाडी फिरवून. ह्या काठची त्या काठाला न्या, कोपराचं गुडघ्यावर न्या, माझी ना न्हाई. पण दोन गोष्टी बदलू नका."

"सांगा."

"मी रडले असं सांगू नका. सगळे रडले, मी न्हवते रडले. आन् सहा पाकिटं मी खाल्ली. घरात कोण चांगलं बोलत नसताना, उन्हात, उपाशी पोटी, एक चुकवली न्हाई. लोकांनी बघितलं ते तुमचं पाणी पिणं. ते काय मोठं न्हवतं बुवा. मोठं ते न्हवतं."

सून दूध घेऊन आली. चहा झाला. बुवा कीर्तन करतात हे कळल्यावर सुनेनं पदर सावरून त्यांना नमस्कार केला आणि नातीला हाक मारली, तिनंही केला. नात बारावीला होती, पुढं नर्सिंग करायचं म्हणत होती. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि शब्द आठवेना. आजी सुपातून मान न उचलता म्हणाली,

"बाळ, दमल्यात ते. लांबनं आल्यात. एसटी चुकंल, जाऊ दे त्यास्नी."

एकादशीला विठ्ठलमंदिर भरलं. बायका बाहेर मांडवापर्यंत बसल्या होत्या. वैष्णवी मागं खांबाजवळ होती. चित्रं नव्हती, भोंगा नव्हता. तिनं फक्त एक फोन नंबर छापलेल्या चिठ्ठ्या प्रसादाच्या पाकिटात घातल्या होत्या, प्रत्येक पाकिटात एक, म्हणजे कुणाला मागून घ्यायला नको आणि कुणी घेतली हे दिसायला नको.

पूर्वरंग रंगला. आवाज खरंच म्हातारा झाला नव्हता. मग उत्तररंगाची ती जागा आली, जिथं आख्यान लागतं. मृदंगवाल्यानं ठेका दिला आणि तो बुवांच्या तोंडाकडं बघत थांबला. रोहिदासनं टाळ छातीशी धरले. समोर तिसऱ्या रांगेत वाडीतले दोन म्हातारे आणि एक म्हातारी बसली होती. म्हातारीनं शेजारणीच्या मांडीवर हलकी चापट मारली. आता ऐक, अशी.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. एक माणूस खोकला, पुन्हा शांत झालं. नामदेव पायरीवर रोज बसणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आत जायचं असून न जाणारा.

"मायबापहो," ते म्हणाले, "आज गोष्ट न्हाई. घरी गेल्यावर दार लावून आरशात आपली पाठ बघा. नवऱ्यानं बायकोची बघा, बायकोनं नवऱ्याची. कुठं फिका डाग असंल, तिथं लागत नसंल, तर पाकिटातल्या नंबरावर बोला. आणखी कुणाला सांगू नका. मला तर मुळीच सांगू नका. आन् कुणाचं कळलं, तर कळलं न्हाई असं वागा. पुण्य लागतं त्याचं."

आणि त्यांनी थेट शेवटचं भजन धरलं. मृदंगवाला अर्धं आवर्तन चुकला.

प्रसाद घेऊन निघताना लोक बोलत होते. बुवांचं वय झालं. आख्यानच विसरले बहुतेक. पहिल्यासारखं राहिलं नाही. वाडीतली म्हातारी जवळ येऊन पाया पडली आणि म्हणाली,

"ते पाण्याचं सांगायचं ऱ्हायलं की बुवा. केवढं चांगलं हुतं."

"आठवलं न्हाई," बुवा म्हणाले.

रोहिदास टाळ पिशवीत भरत म्हणाला, "नोटीस वाचल्यावानी झालं आज."

"व्हय. तसंच झालं."

आठ-दहा दिवसांनी वैष्णवी रस्त्यात भेटली. तिनं स्कूटी थांबवली, हेल्मेट काढलं नाही.

"बुवा, मागच्या दारानं काही जणं येऊन गेली."

"बरं," बुवा म्हणाले, आणि उसाच्या पानांकडं बघत उभे राहिले. ती निघून गेल्यावरही बराच वेळ.

गहू निवडणारी ती बाई गेल्या पौषात वारली. नातीचं लग्न त्याआधी नीट झालं. बुवांनी हे सारं एकदाच सांगितलं, देवळाच्या ओट्यावर, टाळ-मृदंगाशिवाय, खाली बघत. वाडी घोडेच्या काठची की भीमेच्या, चट्टा कोपराला की आणखी कुठं, हे तुम्ही शोधू नका. तिला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते बदललेलं आहे. दोन गोष्टी मात्र तशाच ठेवल्या आहेत.

आता एक मागणं. आज संध्याकाळी देवापुढं बसाल तेव्हा सोजराबाईची आठवण काढा. तिचं नाव मोठ्यानं घ्या, तिनं तशी मुभा दिली आहे. मग क्षणभर थांबा आणि दुसरीचीही आठवण काढा, जिनं सहाच्या सहा पाकिटं खाल्ली आणि जी रडली नाही. तिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. पांडुरंगाला ठाऊक आहे, आणि तो कुणाला सांगत नाही.